गोठल्या पाण्यावरून पाळीवर

"तू चूप राय, बाई. तुह्या तोंडातून एक शब्द निघाला तं तुले माही शपथ हाय."

नऊ वर्षं झाली, तरी तो आवाज शामकलेच्या कानात जसाच्या तसा होता. चौदा वर्षांच्या भावाचा, चैतरामचा, अर्धा पोराचा अर्धा पुरुषाचा, मधेच चिरकणारा. भादव्यात तलावाची पाळ फुटली त्या दिवशी धान कांडायच्या ढेकीच्या खोलीत उभा राहून तो हे बोलला होता. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, आणि बाहेर अंगणात अख्खं मोहटोला गाव गोळा झालेलं. चाळीस पावलांचं तोंड पडलं होतं पाळीला. तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांवरून रेती पसरत निघून गेलं होतं, आणि फुटल्या जागेच्या कडेवरच उभ्या असलेल्या कहूच्या झाडाला कोयत्याचा ताजा घाव दिसत होता.

पाळीवरच्या झाडाला लोखंड लावायचं नाही, हा गहाणे घराण्याचा नेम. पणज्यानं पाळ बांधली, पाळीवर कहू लावले, आणि सांगून गेला की झाडाची मुळं म्हणजे पाळीची बोटं. बोट कापलं की मूठ सुटते.

तो घाव शामकलेनं घातला होता. चैतराम गूळ विकायला बापाबरोबर गोंदियाला जाऊन आला होता. रेल्वेच्या मैदानाच्या तारेपलीकडून त्यानं हॉकीचा खेळ पाहिला आणि घरी येऊन मातीत बोटानं वाकडी काठी काढून दाखवली होती. "अशी फांदी पायजे, बाई. खाली वाकलेली." चैतरामला झाडावर चढता येत नसे, शामकला मात्र खारीसारखी चढे. कोयता तिचा, फांदी तिनं तोडलेली. पण मार्गशीर्षात तिचं केशोरीला लग्न ठरलेलं, आणि पाळ फोडणाऱ्या पोरीला सून करून कोण नेणार? चैतराम बाहेर गेला आणि म्हणाला, "मी तोडली."

बापानं, बिसरामनं, पोराला हात लावला नाही. एवढंच म्हणाला, "या हाताची टोपली आता या पाळीवर पडणार नाही." चौथ्या दिवशी चैतराम छोट्या रेल्वेगाडीत बसून गोंदियाला पळाला. आणि शामकला हळद लावून केशोरीला गेली.

आज पाळीचा दिवस होता. सन छत्तीसचा वैशाख, अक्तीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा, आठवा दिवस. पाऊस यायच्या आत तलावातला गाळ काढून पाळीवर टाकायचा, घरातल्या प्रत्येकानं आपल्या हातची एक तरी टोपली टाकायची, आणि सांजेला घरच्या कर्त्यानं मानाची टोपली टाकून पाळ बंद करायची. ज्याची टोपली पडली तो पाळीचा, पाण्याचा, घराचा. ज्याची पडली नाही तो पाहुणा.

आणि चैतरामचं पत्र आलं होतं. नेहमीसारखं केशोरीला, शामकलेच्या नवऱ्याच्या नावानं: 'पाळीच्या दिवशी येतो. दुसऱ्या दिवशी निघेन. मुंबईहून बोट आहे. जायच्या आधी एक टोपली टाकायची आहे. बाबांना सांगून ठेव.'

ते सांगणं शामकलेला काही जमलं नव्हतं.

सकाळपासून ती माती भरत होती आणि कान मात्र अर्जुनी स्टेशनाच्या दिशेला. बायांनी ओळ धरली होती, टोपली या हातातून त्या हातात, आणि टोपलीबरोबर ओवी. आई, सावित्रीबाई, ओळीच्या तोंडाशी होती. तिचाच आवाज पुढे:

"पाळ बांधिली बापानं, वर लावियेला कहू,
वाटेकडे डोळे बाई, भाऊ कधी येईल पाहू."

शामकलेनं चपापून पाळीवर पाहिलं. बाबानं ऐकलं का? बिसराम मात्र सांडव्यावर होता. जादा पाणी वाहून जायचं ते दगडी तोंड तो दरवर्षी स्वतःच साफ करी. कोणा गड्याला हात लावू देत नसे. गवत उपटून झाल्यावर दगडावर तळहात पालथा घालून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवी, जशी एखादी बाई सारवलेल्या जमिनीवरून हात फिरवते. सासरी गेल्यापासून शामकला दर पाळीच्या दिवशी माहेरी आली होती, आणि दर वेळी तिला हे दिसलं होतं. म्हातारपणाचा चाळा, असं घरातले म्हणत.

"आला! आला वो, आला!"

पांदणीतून खासर धूळ उडवत येत होतं. बैल हाकणारा ताराचंद, शामकलेचा नवरा, उभा राहूनच ओरडत होता. मागे एक उंच गडी, अंगात कोट, डोक्यावर फेल्टची टोपी, आणि मांडीवर लांब कापडी पिशवी, तान्हं लेकरू धरावं तशी धरलेली.

ओळ मोडली. टोपल्या जागच्या जागी पडल्या. सावित्रीबाई पाळीवरून अशी उतरली की पन्नाशीची बाई ती आहे हे पायांना आठवलंच नाही. चैतराम खासरातून उडी मारून खाली आला, आईच्या पायाशी वाकला, आणि आईनं आधी त्याची टोपी काढून फेकली.

"डोस्कं दिसू दे माह्या पोराचं. हे काय घालून आलास, साहेबावानी!"

"थंडीची हाय, आई."

"वैशाखात थंडी?"

"तिकडली सवय लागली."

शामकला चार पावलं दूर उभी होती. चैतरामनं तिच्याकडे पाहिलं, आणि चौदा वर्षांच्या पोरासारखं हसला. "काऊन बाई, वळखलं नाही का मले?"

"तुह्या मिशीले नाही वळखलं," ती म्हणाली, आणि डोळे पदरानं पुसून टाकले.

केवलराम काका लोकांना बाजूला सारत आला. बिसरामचा धाकटा भाऊ, अंगानं जाड, बोलायला तिखट. चैतराम गेल्यापासून त्याच्या वाटचं पाणी काकाच्या उसाला जात होतं, हे गावाला ठाऊक होतं. त्यामुळे काकाचं हसू ओठांवर होतं, डोळ्यांत नव्हतं.

"का गा, खेळून पोट भरते म्हणे तुहं? केशोरीचे जवाई साऱ्या बाजारात सांगत फिरते. 'माहा साळा बर्फावर खेळते, आन साहेब लोक त्याले पगार देते.' लोक आमाले हासते गा!"

"हासू द्या, काका. पगार खरा हाय."

"आन बर्फ?"

"बर्फबी खरा."

"म्हंजे पान्याचा गोटा होते, आन त्या गोट्यावर तुमी नाचता?"

"नाचत नाही. पळतो. घोड्यापेक्षा जोरात." चैतरामनं पिशवीची दोरी सोडली. आधी काठी निघाली, लांब दांड्याची, टोकाला आडवं पातं असलेली. मग बूट निघाले, तळाला लोखंडाची पाती बसवलेले. बाया मागे सरकल्या. काकानं एक बूट उचलून पात्यावरून अंगठा फिरवला.

"अबे, हा तं कोयता हाय! कोयता घालून पळते हा पोट्टा!"

कोयता म्हणताच शामकलेची नजर कहूच्या खोडाकडे गेली.

मग चैतराम सांगत बसला. पाळीच्या उतारावर, कहूच्या सावलीत, एका हातात आईनं दिलेली आंबील आणि दुसरा हात हवेत. गोंदियाच्या रेल्वे शेडमध्ये तो इंजिनात पाणी भरायचा, संध्याकाळी अनवाणी खेळायचा. एक दिवस शेडच्या संघाचा डाव्या कडेनं खेळणारा लेफ्ट आऊट आजारी पडला आणि तो आत गेला, तो पुन्हा बाहेर आला नाही. संघाबरोबर कलकत्त्यापर्यंत जाऊन आला. मग एक साहेब त्याला शिमल्याला घेऊन गेला. हिवाळ्यात साहेब लोक एका सपाट मैदानावर पाणी ओतून बर्फ करत आणि त्यावर हॉकी खेळत. चैतरामला तिथं काम मिळालं ते पाणी ओतायचं.

"त्यायले जमतच नोतं, काका. एकदम हंडाभर पानी ओतते, वरून गोठते, खालून पोकळ. साहेब पळाला का पाय आत! मी म्हणलो, साहेब, आमी पाच पिढ्या पानी थोपवतो. मले करू द्या. आपुन धानाच्या बांधीत फळी फिरवतो ना, चिखल एकसारखा कराले? तशी पयले जमीन केली. मंग सूर्य टेकडीमागं गेला का पातळ पानी शिंपायचं, कोंड्याच्या पापुद्र्याएवढं. ते धरलं का दुसरं. मंग तिसरं. सकाळी पाहा तं आरसा! त्यात डोंगर दिसे."

"मंग खेळाले कोनं घेतलं?" ताराचंदनं विचारलं. त्याला उत्तर पाठ होतं, पण लोकांनी ऐकावं म्हणून.

"एक दिवस एक गडी कमी पडला. साहेब म्हणे, 'चैतराम, तुम खेलेगा?' मी म्हणलो, खेलेगा. बूट घातले आन धाड! उठलो, धाड! त्या सांजेले चाळीस वेळा पडलो. एकेचाळिसाव्या वेळी उभा रायलो, तं कोनीतरी मागून ढकललं, आन मी निघालो, बाई, निघालो! पाय हालत नाही आन मानूस जाऊन रायला! वारा कानाजवळून असा… जसा आपुन लहानपनी पाळीवरून पोत्यावर बसून घसरत जाओ ना, तसा. मगर थांबतच नाही." तो हे शामकलेकडे पाहून बोलत होता, आणि तिच्या पायांना खरोखरच ती घसरण आठवली. "दुसऱ्या हिवाळ्यापासून त्यायनं मले खेळाच्याच पगारावर ठेवलं. तिथी कॅनडाचा एक साहेब होता, त्याच्या मुलखात नद्याच्या नद्या गोठते. त्यानं विलायतले चिठ्ठी लिहिली. तिथल्या संघानं मले बोलावलं."

"आन विलायतेत ऊन पडलं तं?"

"तिथी छपराखाली बर्फ करते काका, यंत्रानं. वर छप्पर, खाली बर्फ, आन भवताली हजार मानूस बसून पाहाते."

"घरात तलाव!" काकानं मांडीवर थाप मारली आणि सांडव्याकडे हाक दिली. "दादा, ऐकलं का गा? त्यायचा तलाव घरातच हाय, आन तो फुटत बी नाही!"

सगळे हसले आणि अर्ध्यातच थांबले. वर पाळीवर बिसराम उभा होता. कधी आला कोणाला कळलं नाही. चैतराम उठला, वर चढला आणि बापाच्या पायाला हात लावला. बिसरामनं पाय मागे घेतला नाही, पण हातही पुढे केला नाही.

"बरा हायेस?"

"बरा हाय, बाबा."

"जेवून जा." आणि मग सगळ्यांकडे पाहून, "पाळ गोष्टीनं भरत नाही. माती भरा."

तेवढंच बोलून तो पुन्हा सांडव्याकडे गेला.

माती भरली गेली, पण त्या दिवशी गोष्टीही थांबेनात. दुपारच्या जेवणानंतर काकानंच विषय काढला. "पोट्ट्या, आमी काही शिमल्याले येत नाही. इथीच दाखव. न्हाई तं मी म्हनीन का तू रेलगाडीत झाडू मारतोस."

"दाखवतो!" चैतरामनं कोट काढला, धोतर खोचलं. "गाळ काढला तिथी फळी फिरवा."

तलावाच्या पोटात, जिथून सकाळपासून गाळ उपसला होता, तिथं खाली निबर चिकणमाती लागली होती. गड्यांनी त्यावर फळी फिरवली. चैतराम स्वतः घागर घेऊन पाणी शिंपत गेला, पातळ, हात झुलवत, मागे मागे सरकत, आणि फळीवाल्यांना ओरडत, "तिकडे उतार हाय! पानी पाहा, पानी स्वतःच सांगते कुठी उतार हाय!" घटकाभरात अंगणाएवढी जागा अशी चकाकायला लागली की वरचा कहू त्यात उलटा दिसू लागला. बूट घालायचं काम नव्हतं. पाय ठेवला की पाय सरकत होता. बांबूच्या बुडख्याच्या काठ्या तोडून आणल्या, चिंध्यांचा चेंडू बांधला. दोन टोपल्या या टोकाला, दोन त्या टोकाला. एका बाजूला चैतराम एकटा, दुसऱ्या बाजूला काका, ताराचंद आणि चार गडी.

ताराचंद पहिल्याच पावलाला आडवा झाला.

"जवाईबापू पडले!" पाळीवरून बायांचा कल्लोळ उठला.

आणि चैतराम निघाला. शामकलेनं तोंडावर पदर धरला. हा तिचा भाऊ होता? गुडघ्यात किंचित वाकलेला, खांदा पुढे, काठीच्या टोकाशी चेंडू जणू चिकटलेला. एक पाय टाकला की दहा हात सरकायचा, दुसरा टाकला की वळायचा. दोन गडी त्याला धरायला धावले आणि एकमेकांना धरून पडले. तिसऱ्याच्या पायांतून चेंडू गेला. टोपल्यांपुढे काका हात पसरून उभा होता, रेड्यासारखा.

"ये! ये तू! तुहा काका हाय मी!"

चैतरामनं डावीकडे पाहिलं. काका डावीकडे झेपावला. चेंडू उजवीकडून गेला आणि काका पोटावर घसरत घसरत तलावातल्या उरल्या पाण्यापर्यंत पोचला. तिथून त्याचं डोकं वर आलं, मिशीला शेवाळ लागलेलं, आणि सगळ्यांना वाटलं की आता शिव्या येणार.

"अरे बाप्पा!" काका ओरडला. "मी बी गेलो! मी बी सरकलो ना गा! पुन्हा! पुन्हा खेळा! मी आता या पोट्ट्याकडून!"

मग बाजू राहिल्याच नाहीत. कोण कोणाकडून खेळत होतं देव जाणे. ताराचंद सात वेळा पडला. बायांनी तिथल्या तिथं ओवी जुळवली:

"पान्याचा झाला गोटा, गोट्यावर नाचे भाऊ,
केशोरीच्या जवाईले चिखलाचा दिला खाऊ."

चेंडू उसळून पाळीच्या पायथ्याशी, शामकलेच्या पुढ्यात आला. हातात कुदळीचा दांडा होता. तिनं विचार केला नाही. पदर खोचला आणि असा टोला हाणला की चेंडू खेळणाऱ्यांच्या डोक्यावरून गेला आणि पलीकडच्या टोपलीत धपकन पडला. मग चैतराम दोन्ही हात वर करून ओरडला, "पाहा! खेळाडू कोन हाय पाहा या घरात!"

हसता हसता शामकलेनं वर पाहिलं. बिसराम कहूला टेकून बसला होता, तोंड दुसरीकडे फिरवून, जणू त्याला या पोरखेळाशी काही देणंघेणं नाही. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो पाहत होता. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा मातीत डावीकडे उजवीकडे सरकत होता. चेंडू जाईल तिकडे.

तिच्या मनात आशेनं असं काही डोकं वर काढलं की तिला भीतीच वाटली.

सांज झाली. गाळ भरून झाला. माणसं तलावात अंग धुऊन पाळीवर आली. आता टोपल्या. नेमाप्रमाणे धाकट्यांपासून. चुलत भावंडांनी टाकल्या, काकींनी टाकल्या, ताराचंदनं जावयाची टोपली टाकली, कानात अजून चिखल. काकानं टाकली. प्रत्येक टोपली पडली की बिसराम काठीचं टोक त्या मातीला टेकवी, म्हणजे ती मानली.

सगळ्यांच्या मागे थांबलेला चैतराम आपली टोपली घेऊन पुढे आला. फुटली होती त्याच जागेवर. काठी उठली आणि आडवी झाली.

"तुही नाही."

"बाबा…"

"सांगितलं होतं तुले. नऊ वरसापूर्वी."

चैतरामनं टोपली खाली ठेवली नाही. डोक्यावर तशीच धरून उभा राहिला. "बाबा, मी हिस्सा मागून नाही रायलो. पानी काकाच वापरो. मी उद्या जाऊन रायलो, कधी येईन मालूम नाही. तिथी लोक इचारतीन, तू कोनाचा, कुठला. मले एक टोपली टाकू द्या. बोटीवर चढताना मले मालूम पायजे का मी कोन्या पाळीचा हाय."

"टाकू दे गा दादा," केवलराम काका पुढे झाला. सकाळी याच माणसाच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "त्याचं पानी नऊ वरसं मी घेतलं, मलेच लाज वाटते. त्याले परत देतो. पोट्टा लहान होता. एका फांदीसाठी…"

"एका फांदीसाठी काय झालं ते तू बी डोळ्यानं पाहिलं हाय, केवल."

सावित्रीबाईनं आपली भरलेली टोपली कमरेवरून खाली घेतली आणि तिथंच, नवऱ्याच्या पायाशी, उपडी केली. पाळीवर नव्हे, पायवाटेवर. "मंग माही बी नाही पडत. दोन पाहुणे जेवाले वाढा आज."

असं कधी झालं नव्हतं. बिसरामची काठी आडवीच राहिली. "ज्या हातानं पाळीच्या झाडाले लोखंड लावलं," तो सावकाश म्हणाला, "त्या हाताची माती पाळ धरत नाही. हा नेम माहा नाही. पनज्याचा हाय."

"मंग तो हात त्याचा नाही."

शामकलेला आपलाच आवाज परका वाटला. पण तो निघाला होता, आणि आता त्या गुळगुळीत मातीवरच्या पायासारखा थांबणार नव्हता.

"बाई!" चैतराम ओरडला. "माही शपथ हाय तुले!"

"नऊ वरसं पाळली तुही शपथ. लेकरं झाली माही, तरी पाळली. आज मोडली." ती पुढे आली, काठीच्या अलीकडे, भावाच्या बाजूला. "बाबा, फांदी मी तोडली. या कहूवर मी चढली नाही असा एक उन्हाळा नाही, तुमाले मालूम हाय. चैत्याले तं पयल्या फांदीवर बी चढता येत नसे. कोयता माहा होता. त्यानं आपलं नाव सांगितलं, माहं लगन मोडू नये म्हणून. माही बी टोपली नऊ वरसं तुमी मानली. ती खोटी होती. काढून टाका ती पाळीवरून."

मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. पाहावंच लागलं. केशोरीचं घर, सासू, दोन लेकरं, सगळं त्या एका नजरेत टांगलेलं होतं. ताराचंद तोंड उघडं टाकून उभा होता.

"मले हे मालूम नोतं," तो म्हणाला. मग हळूच, "झाडावर चढता येते तुले?"

कोणीतरी खुदकन हसलं. सावित्रीबाईच होती ती, रडता रडता.

बिसराम मात्र हसला नाही, चिडलाही नाही. तो लेकीकडे पाहत राहिला, मग लेकाकडे, पुन्हा लेकीकडे. काठी हळूहळू खाली आली. तो वळला आणि कहूजवळ गेला. फांदी तुटली होती तिथं खोडावर सालीची गोल गाठ आली होती, मुठीएवढी. तिच्यावर त्यानं तळहात ठेवला, जसा तो सांडव्याच्या दगडावर ठेवायचा.

"दोन वरसात भरला हा घाव," तो झाडाशी बोलावं तसा म्हणाला. "मी पाहातच होतो. येक फांदी गेली तं झाडाले काय होते? कोन्या वादळात दहा मोडते. फांदीनं पाळ फुटली असती तं ही पाळ माह्या आज्याच्या वक्तीच फुटली असती."

"मंग, दादा?" केवलरामनं विचारलं.

मानाची टोपली कहूच्या बुडाशी भरून ठेवली होती, हळद लावलेली, वर आंब्याचं पान. बिसरामनं ती उचलली. शामकलेला वाटलं, आता हा पाळ बंद करणार, आणि सगळं संपणार. पण बिसराम ती घेऊन दोन्ही पोरांच्या पुढ्यात आला, चैतरामनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली तशी एक कड त्याच्या हातात दिली, एक शामकलेच्या.

"तुमी टाका. दोघंबी. मी नाही टाकत."

"काऊन, बाबा?" शामकलेनं विचारलं.

बाप इतका जवळ उभा होता की त्याच्या श्वासातला तंबाखूचा वास तिला आला. त्याचे डोळे सांडव्याकडे लागले होते, जिथं मावळतीचा उजेड स्वच्छ पुसलेल्या दगडावर पडला होता.

"नऊ वरसं माही टोपली या पाळीवर खोटी पडून रायली," बिसराम म्हणाला. "त्या भादव्यात पाऊस आटोपला असं मले वाटलं. उसाले पानी पुरावं म्हणून मीच सांडव्याच्या तोंडावर हातभर माती लावली होती. कोनी पाहिलं नाही. मंग तो पाऊस आला, आन पान्याले जाले वाट नोती. पाळ मी फोडली, पोरहो. मी."